सहा तासांच्या रिब्ज

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता अंबरीश देवधर फेल्डहोवन या डच गावातल्या आपल्या घरामागच्या शेडमध्ये, दोन सायकलींच्या मधोमध उभा होता. नाकातोंडावर मास्क, मास्कच्या आतून बोटभर विक्स, हातांत निळे ग्लव्ह्ज, आणि समोर नव्या कोऱ्या प्लास्टिकच्या पाटावर डुकराच्या फासळ्यांचे तीन लांबलचक पट्टे. कर्वेनगरात त्याच्या आईला हे दिसलं असतं, तर माउलीने फोन बाजूला ठेवून आधी आंघोळ केली असती. चव्वेचाळीस वर्षांत या गृहस्थाने केकसुद्धा अंड्याचा आहे का विचारून खाल्लेला. आणि आज हाच माणूस फासळ्यांच्या मागचा पातळ पापुद्रा टिश्यूत धरून सोलत होता, उमासा आला की गिळत होता आणि मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागे नेत होता.

हौस नव्हती हो. पाणी गळ्याशी आलं होतं.

त्याचं असं झालं. अंबरीश आणि मंजूषा वेगळे होऊन तीन वर्षं झाली. त्यांची मुलगी ईशानी, बारा वर्षांची, राहायची आईकडे, इथून सायकलने वीस मिनिटांवर. आणि एकाआड एक शनिवार-रविवार बाबाकडे. इतपत ठीक चाललं होतं. मग मंजूषाला कॅनडात नोकरी मिळाली. ती म्हणाली, ईशानीला घेऊन जाते. अंबरीश म्हणाला, माझी सही मिळणार नाही. झालं, प्रकरण गेलं कोर्टात. आणि इथे मूल बारा वर्षांचं झालं, की न्यायाधीश त्यालाच आत बोलावतात. आई नाही, बाप नाही, वकील नाही. फक्त विचारतात, बाळा, तुझं काय म्हणणं? निकाल त्यांचाच असतो. पण अंबरीशची वकीलबाई स्पष्ट म्हणाली होती, मुलगी ठाम बोलली तर तिच्या शब्दापुढे आपल्या फायलीला कोणी विचारणार नाही.

ईशानीला बोलावलं होतं बुधवारी, दुपारी तीनला. म्हणजे त्याआधीचा हा शेवटचा शनिवार-रविवार. जे काय करायचं ते यातच.

आता यात रिब्ज, म्हणजे या फासळ्या, कुठून आल्या? दोन आठवड्यांपूर्वी गाडीत ईशानी आपल्या मैत्रिणीच्या घरचं सांगताना म्हणाली होती, "फेमकेच्या बाबांनी रिब्ज स्मोक केल्या. सहा तास! बाबा, माझा या वर्षातला बेस्ट दिवस होता तो." (ईशानी बोलते ती डच-इंग्रजीची मिसळ असते. मराठी सगळं कळतं, पण तोंडातून निघत नाही. आपण सोयीसाठी तिचं बोलणं मराठीतच ऐकू.) पुढेही ती बराच वेळ काहीतरी सांगत होती, पण अंबरीशचं डोकं तिथेच अडकलं. रिब्ज. सहा तास. बेस्ट दिवस. तीन वर्षं तो या पोरीला काय आवडतं ते शोधत होता, आणि त्या दिवशी तिने आपणहून सांगितलं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडीच्या जागी डुकराचं हाड होतं, एवढाच फरक.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातला मित्र रणजित गाडीच्या डिकीतून आपला स्मोकर घेऊन आला. उभा, काळा, पिंपासारखा. खाली कोळसा, वर जाळ्या, झाकणाला तापमानाचा काटा. रणजित कोल्हापूरचा, त्याच्यापुढे मांसाबद्दल बोलायचं म्हणजे मास्तरांना पाढे म्हणून दाखवायचे.

"देवधर, तू शुद्धीवर आहेस ना?" त्याने विचारलं. "पोरीला पनीर खायला घाल की."

"रिब्जच," अंबरीश म्हणाला.

रणजितने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा आवरली. "बरं, ऐक. तीन-दोन-एक. तीन तास नुसता धूर. दोन तास फॉइलमध्ये गुंडाळून. शेवटचा एक तास वरून बार्बेक्यू सॉस लावून. काटा एकशे दहावर राहिला पाहिजे. आणि सगळ्यात आधी हा ड्राय रब चोळायचा." त्याने खिशातून एक झिपची पिशवी काढली. "घरी केलाय. ब्राउन शुगर, पॅप्रिका, लसूण, मोहरी, मिरी, मीठ. लावून अर्धा तास ठेव. आपण दिवाळीत उटणं लावतो ना, तसंच समज."

अंबरीशने ती पिशवी दोन बोटांत धरली. आता बघा, त्या पिशवीत मांसाचा कणही नव्हता. साखर-तिखट ते काय. पण आईने पाठवलेल्या गोड्या मसाल्याच्या शेजारी ती ठेवायला या माणसाचा हात धजेना. म्हणून त्याने ती नेऊन टाकली वॉशिंग मशीनवरच्या कपाटात, जिथे जुने चार्जर, सेलोटेप आणि पणत्यांचं खोकं असायचं. सोवळं माणसाला कुठे नेऊन आपटेल, सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी त्याने त्याच कपाटात हात घातला, हाताला लागली ती झिपची पिशवी घेतली आणि शेडमध्ये आला. फासळ्यांना आधी मोहरीची पेस्ट फासली, मग वरून ती तपकिरी पूड मूठमूठ टाकून दाबून चोळली. वास कसा आहे, विचारू नका. विक्सपलीकडे त्याला काही कळत नव्हतं. गेले दोन दिवस शिंकाही चालल्या होत्या.

साडेदहाला पट्टे बागेतल्या स्मोकरच्या जाळीवर चढले. निखाऱ्यांवर सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे टाकले, झाकणाच्या भोकातून निळसर धूर निघाला. काटा एकशे दहावर. अंबरीशने लॅपटॉप उघडून एक्सेल काढलं: वेळ, तापमान, शेरा. चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत पंधरा वर्षं काढलेला माणूस, त्याला रकाने आखल्याशिवाय जगता येत नाही. लग्न मोडलं तेव्हाही त्याने असेच रकाने आखले होते.

सव्वाअकराला पाऊस आला. नुसता पाऊस नाही, इथला तो आडवा, वाऱ्यावर स्वार झालेला पाऊस. काटा शंभरवर आला. मग नव्वद. मग पंचाहत्तर. अंबरीश छत्री घेऊन धावला आणि स्मोकरवर धरून उभा राहिला, स्वतः उघड्यावर. एका हाताने छत्री, दुसऱ्या हाताने फोन.

"रणज्या, सत्तरवर आलाय! काय करू?"

"झाकण उघडू नकोस! खालची झडप उघड आणि नवा कोळसा टाक."

"ओला झालाय रे कोळसा."

"मग घरात पेटव आणि आण. आणि देवधर... जेवायला काही दुसरंही करून ठेव हां. एखादी खिचडी वगैरे."

"नाही. हेच होणार."

गॅसवर कोळसा पेटवून त्याने बादलीतून बाहेर नेला. दोनदा हात भाजला. काटा सत्तरवर चिकटून बसला होता, आणि अंबरीश पावसात उभा राहून गणपतीला म्हणाला, एकशे दहा होऊ दे रे बाबा, एकवीस मोदक करीन. डुकरासाठी गणपतीला नवस! त्याच्या ते लक्षातही आलं नाही. माणूस अगतिक झाला की कोणाकडे काय मागतोय याचं भान राहत नाही, आणि अंबरीश फार अगतिक झाला होता. त्याला दिसत होतं काय, तर मोबाइलचा पडदा. तो स्वतः गेली पंधरा वर्षं आईला असाच दिसत होता: रविवारी सकाळी, पंधरा मिनिटं, निम्मं कपाळ आणि वरचा पंखा. आई म्हणायची, "बारीक झालास का रे?" आणि तो म्हणायचा, "नाही गं, कॅमेरा तसा आहे." आता ईशानी त्याला अशी दिसणार. तिची उंची तो पडद्यावर कशी मोजणार? त्या विचाराने त्याच्या तोंडून चक्क हुंदका निघाला.

तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून डोकं काढलं. "किती छान वास येतोय! अगदी चर्चमध्ये गेल्यासारखं वाटतंय."

अंबरीशने डोळे पुसत आभार मानले. डच माणसाचं कौतुक, त्याचा अर्थ कोण शोधत बसतो?

पाऊणला काटा एकदाचा एकशे दहाला लागला. मंजूषाचा मेसेज आला: "पाचपर्यंत येईल ती, हॉकीनंतर. एक विनंती, बुधवारबद्दल तिला काही विचारू नकोस. तिला त्रास होतो." अंबरीशने तो तीनदा वाचला. त्रास होतो म्हणजे काय? म्हणजे ठरलंय का तिचं? त्याने लिहिलं, "ओके", आणि दीड वाजता पट्टे फॉइलमध्ये गुंडाळले, आत लोणी आणि सफरचंदाचा रस. मग नव्या पातेल्यात सॉस शिजवला. केचप, व्हिनेगर, ब्राउन शुगर, तिखट. हा सॉस तेवढा त्याला चाखता येण्यासारखा होता. चाखला. जिभेला काहीही कळलं नाही. सर्दी.

साडेचारपर्यंत त्याने तिची खोली लावली. नवी चादर. उशीशी चॉकलेट. घडी घातलेला टॉवेल, त्यावर न फोडलेला साबण. टेबलावर कार्ड: वायफायचा पासवर्ड, तिन्ही वर्षांत न बदललेला. मग खाली येऊन रिब्जना सॉसचा शेवटचा हात दिला. गडद लाल, तकतकीत झाल्या होत्या. व्हिडिओतल्यासारख्या, अगदी डिट्टो. अंबरीशला पहिल्यांदाच वाटलं, जमलं बहुतेक.

पाचला ईशानी आली, चिंब भिजून.

"अगं, मी गाडी घेऊन येतो म्हटलं होतं ना."

"गरज नव्हती." ती जाकीट अडकवायला वळली, त्याने हातातून घेतलं. बूट काढायला वाकली, त्याने स्टूल पुढे केलं. "बस, बस. ज्यूस देऊ? की गरम चॉकलेट? हीटर वाढवू का?" ती म्हणाली, चालेल काहीही. ग्लास घ्यायला स्वयंपाकघराकडे निघाली, तर हा आडवाच आला. "तू बस गं, मी आणतो." ती खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवून.

त्याने ताट आणलं. "ओळख काय ते!"

ईशानीने पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "रिब्ज? तू? बाबा, तू मांस शिजवलंस?"

"सहा तास," अंबरीश म्हणाला. "तुझ्यासाठी."

तिने दोन्ही हातांनी एक फासळी उचलली आणि चावा घेतला. अंबरीश टेबलाची कड धरून उभा. ती चावली, एकदा, दोनदा, आणि थांबली. कपाळावर आठी. घास टिश्यूत काढला. ते हाड नाकाशी नेऊन तिने लांब श्वास घेतला. मग त्याच्याकडे पाहून, चक्क मराठीत म्हणाली, "बाबा. उटणं."

"काय?"

"उटणं! हे उटणं आहे!"

"काहीतरीच काय? रणजितचा मसाला आहे तो."

पोरीची नक्की काहीतरी चूक होतेय, असं म्हणून अंबरीशने त्या फासळीचा लचका तोडला. हो, त्याने. देवधरांच्या किती पिढ्यांत पहिल्यांदा. वरचा सॉस आंबटगोड, आणि त्याच्या खाली, सर्दीलाही न जुमानता, कडवट, मातकट, चंदन, नागरमोथा, आंबेहळद. जन्मात एकदा मांस तोंडात घातलं, तेही अभ्यंगस्नान करून आलेलं!

तो धावत वॉशिंग मशीनपाशी गेला. कपाटात रणजितची पिशवी होती तशी होती, लालभडक, न उघडलेली. तिच्या शेजारी पणत्यांच्या खोक्यावर जागा रिकामी. आईने दिवाळीसाठी अशाच झिपच्या पिशवीतून पाठवलेलं उटणं तिथे असायचं. या दिवाळीला ईशानी मंजूषाकडे होती, म्हणून ते तसंच पडून होतं. म्हातारीने दळून, चाळून, नातीसाठी पाठवलेलं.

अंबरीश तिथेच फरशीवर बसला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसला असता एरवी. पण हसू येईना. रडूच आलं, आणि ते थांबेना.

ईशानी मागोमाग आली होती, तोंडावर हात दाबून, हसू आवरत. बापाला पाहिलं आणि तिचं हसू गेलं. ती समोर फरशीवर बसली, पाठ मशीनला टेकून.

"मला तो वास लगेच कळला," ती म्हणाली. "तू मला पहाटे उठवायचास. चोळायचास ना ते, टोचायचं. मी रडायचे. आणि तू म्हणायचास," इथे तिने आवाज जाड केला आणि मराठीत म्हणाली, "रडायचं नाही. पाय पुढे कर."

अंबरीशने नाक पुसलं. विचारायचं नाही, विचारायचं नाही, असं आठवडाभर स्वतःला बजावलेलं सगळं त्या फरशीवर वाहून गेलं.

"ईशू, बुधवारी काय सांगणार आहेस तू?"

ती मोज्याचा धागा ओढत बसली.

"कॅनडा?"

"हो," ती म्हणाली. अगदी हळू.

अंबरीश पुढे सरकला. "का गं? काय कमी पडलं? सांग मला. तू म्हणशील ते आणतो. म्हणशील तसं करतो. नुसतं सांग."

"हेच!" ती एकदम ओरडली. "हेच ते, बाबा! आई माझ्यावर ओरडते. मी डिशवॉशर रिकामा केला नाही तर फोन काढून घेते. तिच्याशी माझी रोज भांडणं होतात. पण तिथे मी... आणि इथे मी ग्लास उचलला तरी तू धावतोस. टॉवेलवर साबण ठेवतोस. वायफायचा पासवर्ड लिहून ठेवतोस, मला पाठ आहे तो! मी इथे..." तिला शब्द सापडेना. डचमध्ये शोधला, इंग्रजीत शोधला. मग सापडला तो आजीच्या भाषेत. "मी इथे पाहुणी आहे."

तीन वर्षं अंबरीशने जीव ओतला होता, आणि त्याचं नाव हे निघालं, पाहुणचार.

"मग रिब्ज?" त्याने कसंबसं विचारलं. "तू म्हणालीस, बेस्ट दिवस होता."

"रिब्ज ठीकच होत्या. बाबा, मी तुला गाडीत सगळं सांगितलं होतं! फेमकेच्या बाबांनी आम्हाला दिवसभर राबवलं. पावसात छत्री धरायला लावली, एक-एक तास. नंतर जाळ्या घासायला लावल्या. मी नीट नाही घासल्या, तर त्यांनी मला परत पाठवलं. फेमकेला नाही, मला! घरच्या पोरीसारखी बोलणी बसली मला." आणि हे सांगताना पोरीचा चेहरा काय फुलला होता.

सगळं सांगितलं होतं तिने. अंबरीशने ऐकलं होतं फक्त रिब्ज. एवढ्या एक्सेलमध्ये नेमका तोच रकाना राहिला.

बाहेर पाऊस पडत होता. अंबरीशला तिला जवळ घ्यायचं होतं, माफी मागायची होती, पिझ्झा मागवू का विचारायचं होतं. तो शब्द जिभेवर आलाही. त्याने तो गिळला. सकाळपासून किती उमासे गिळले होते, पण हा उमाळा सगळ्यांत जड होता.

"ऊठ," तो म्हणाला.

"काय?"

"बागेत तीन जाळ्या पडल्यात. चिकट झाल्यात. घासून आण."

ईशानीने त्याच्याकडे पाहिलं. "आत्ता? पाऊस पडतोय."

"मग छत्री घे."

"मी आत्ताच हॉकी खेळून आलेय! मला भूक लागलीये!"

"जाळ्या घासून झाल्या की वरण-भात लावू. तांदूळ तू धुवायचेस." त्याचा आवाज चिरकत होता, तरी त्याने तो जाड केला. "तोंड वाकडं करायचं नाही. चल."

ती उठली. डचमध्ये काहीतरी पुटपुटली, जे सभ्य नव्हतं आणि ज्याचा अर्थ अंबरीशला चांगला ठाऊक होता. बूट न बांधताच ती बाहेर गेली आणि मागचं दार इतक्या जोरात आपटलं, की खिडकीची काच थरथरली. अंबरीश ताडकन उठला, ती भिजेल म्हणून, जाळीची तार कापेल म्हणून. दारापर्यंत गेला. कडीवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण कडी काही त्याने उघडली नाही.

बाहेरून जाळ्या आदळल्याचा आवाज आला. मग शेडमधून ती खेकसली, "बाबा! तारेचा ब्रश कुठेय?"

कुठे आहे ते त्याला माहीत होतं. दुसऱ्या ड्रॉवरमध्ये, डावीकडे.

"शोध की!" अंबरीश दाराआडून ओरडला. "घर तुझंच आहे ना?"

मग एक ड्रॉवर उघडला, आपटून बंद झाला, दुसरा उघडला. बुधवारला अजून चार दिवस होते.